रात्री कोण उठतं?

बेंगळुरूला समुद्र नाही. शहर वसलंय नऊशे मीटरहून जास्त उंचीवर, आणि मंगळुरूचा किनारा घाट उतरून साडेतीनशे किलोमीटरवर. पाण्याकाठी बसायचं म्हटलं की मल्लेश्वरमच्या माणसाला सँकी टँक आठवतो, आणि तोही १८८२ साली माणसांनीच बांधलेला. त्यामुळे काडु मल्लेश्वराच्या देवळाजवळच्या एका मराठी घरात जहाजाने फिरायला जायचं ठरलं, तेव्हा बोटीवर रात्र काढलेलं माणूस घरात एकच होतं. आणि त्या माणसाला कुणी काही विचारलं नव्हतं.

बेत ठरला आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी. आजोबांची हयात जालहळ्ळीच्या एचएमटीत मनगटी घड्याळं जुळवण्यात गेली. बोलणं मोजकं. शांत झाली, जेवणं झाली, पोरांनी विचारलं, "आजोबा, तुम्हाला काय पाहिजे?" ते म्हणाले, "मला काही नको. हिला एकदा बोटीतून न्यायचं राहिलंय." आजी देवगडची. लग्न होऊन इकडे आली आणि समुद्र सुटला तो सुटलाच.

मुंबईहून सप्टेंबर २०२१ पासून 'एम्प्रेस' नावाचं प्रवासी जहाज सुटतं. १९९० साली फ्रान्सच्या सेंट-नाझेर इथे बांधलेलं, अकरा मजल्यांचं, आठशेच्या आसपास खोल्यांचं. मुंबईहून लक्षद्वीपला जाऊन परत यायचं, असं ठरलं. माणसं नऊ. आजी-आजोबा, मुलगा-सून आणि त्यांची चिमी व सोनू, मुलगी-जावई आणि त्यांचा बंड्या. चिमी अकराची, बंड्या सातचा, सोनू चारचा.

जावई व्हाइटफील्डच्या एका कंपनीत कामाला. मनापासून कष्ट घेणारा माणूस. त्याने तीन संध्याकाळी खर्च करून एक तक्ता केला आणि रविवारी मल्लेश्वरमला येऊन सगळ्यांपुढे मांडला. जहाजावर खोल्या साधारण चार तऱ्हेच्या असतात. आतली खोली सगळ्यात स्वस्त. तिला खिडकी नाही, दिवा बंद केला की भरदुपारीही मिट्ट काळोख. मग खिडकीची. तिची काच उघडत नाही, पण उजेड येतो आणि पाणी दिसतं. त्यावर बाल्कनीची, त्याहून वर सूट. बहुतेक खोल्यांत खाली दोन खाटा असतात. त्या जोडून घेता येतात किंवा वेगळ्या करता येतात. तिसरी आणि चौथी खाट भिंतीत किंवा छताला दुमडलेली असते, ती रात्री खाली ओढायची आणि शिडीने चढायचं.

तक्त्याप्रमाणे चार खोल्या घ्यायच्या होत्या. आजी-आजोबांना वरच्या मजल्यावर, अगदी नाळेकडची खिडकीची खोली, कारण मान त्यांचा आणि समुद्र त्यांना पुढून दिसला पाहिजे. दोन जोडप्यांना तीन मजले खाली, खिडकीच्या दोन खोल्या. आणि तिन्ही मुलांना मिळून एक आतली खोली, त्याच मजल्यावर पण जरा पलीकडे. मुलांनी हे ऐकताच घर डोक्यावर घेतलं. स्वतःची खोली! बंड्याने वरची खाट तिथल्या तिथे आपल्या नावावर केली.

"पण मुलांना एकटं ठेवू देतात का?" सुनेने विचारलं.

जावयाने ते शोधून ठेवलं होतं. बहुतेक कंपन्या प्रत्येक खोलीत एक मोठं माणूस मागतात. लोक बुकिंग करताना प्रत्येक खोलीत एकेक मोठं नाव घालतात आणि चढल्यावर झोपायची अदलाबदल करतात. आईवडील समोरच्या किंवा लागूनच्या खोलीत असले तर ही चाल वावगी नाही. पण खोली मोठ्याच्या नावावर आणि तिच्यात, चार वळणं पलीकडे, तीन मुलं एकटी, ही सोय मला मुळीच पटत नाही. त्या घरातही कुणाला पुरती पटलेली नव्हती. पण तक्ता इतका नेटका होता की शंका घ्यायची तर तशी नेटकी शंका सुचायला हवी, आणि ती कुणाला सुचेना.

"आणि चिमी आहेच की," मुलगा म्हणाला. "ती सांभाळेल दोघांना. मोठी आहे आता."

सगळ्यांनी चिमीकडे पाहिलं. "परवागिल्ला," चिमी म्हणाली. बेंगळुरूच्या मुलांच्या तोंडी हा शब्द असतोच. चालेल, काही हरकत नाही. चिमीच्या तोंडी जरा जास्तच असे. सोनू जन्मल्यापासून.

आजी शेंगा सोलत होती. तिने मान वर केली. "जावईबापू, तक्ता छान केलात. त्यात रात्री कोण उठतं ते कुठे लिहिलंय?"

जावयाने तक्त्यात पाहिलं. दर होते, मजले होते, खाटा होत्या, जेवणघर किती लांब ते होतं. हे नव्हतं.

मग आजीने सांगितलं. तिच्या लहानपणी मुंबईहून कोकणात जायचं ते आगबोटीने. सकाळी भाऊच्या धक्क्यावर चढायचं, एकेक बंदर घेत बोट खाली जायची. पावसाळ्यात ही लांबची वाहतूक बंद. केबिन होत्या, पण त्या साहेबांना आणि पैसेवाल्यांना. बाकी सगळ्यांनी डेकवर वळकट्या सोडायच्या. जागा धरण्यावरून भांडणं व्हायची. ज्याला त्याला कठड्याजवळची जागा हवी, वारा लागतो म्हणून. आजीची आई मात्र कठड्याकडे जात नसे. आजीच्या जन्माच्या आदल्या वर्षी, १७ जुलै १९४७ ला, 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना उलटली होती आणि सहाशेहून जास्त माणसं बुडाली होती. आषाढातली अमावास्या होती, सणासाठी घरी निघालेली माणसं होती. कोकणातल्या घराघरात ती गोष्ट पोरांनी ऐकलेली असे. आजीची आई डेकवर आली की वळकटी सोडायच्या आधी पोरांना रांगेत उभं करायची आणि एकच विचारायची, रात्री कोण कोण उठतं? कोण लघवीला उठतं, कोण दचकतं, कोणाला ओकारी होते. जो उठणार त्याला आपल्या हाताशी, आणि जिथून वाट मोकळी आहे तिथे. जो गाढ झोपतो त्याला कुठेही. वय विचारायची नाही.

"तेव्हा तुम्ही सगळे एकाच डेकवर होतात गं आई," मुलगी, म्हणजे चिमी-सोनूची आत्या, म्हणाली. "इथे खोल्या आहेत."

"म्हणूनच तर जास्त विचारायला हवं. डेकवर हाक ऐकू जायची."

कुणी काही बोललं नाही. आजीनेच तोड काढली. "पैसे भरायच्या आधी एक रात्र इथेच निजून बघूया. तक्त्यात आहे तस्संच."

पुढच्या शनिवारी ते झालं. घर जुनं, खाली चार खोल्या आणि वर माडी. आजी-आजोबा माडीवर, कारण जहाजावर ते वरच्या मजल्यावर होते. मुलगा-सून मधल्या खोलीत, आत्या आणि जावई पुढच्या. मुलांसाठी कोठीची खोली रिकामी केली, तिला खिडकी नव्हती. धान्याचे डबे बाहेर काढले, दोन गाद्या खाली घातल्या, आणि भिंतीशी असलेल्या उंच लाकडी पेटाऱ्यावर तिसरी गादी घालून तिला वरची खाट म्हटलं. खाली उतरायला स्टूल ठेवलं. दारं लोटली. जहाजावर दारं आपोआप मिटतात आणि जड असतात, हे जावयानेच सांगितलं. बोळातला दिवाही आजीने मालवायला लावला. मुलं खिदळत झोपायला गेली.

सकाळी आठला सगळे चहाला बसले.

बोलायला सुरुवात आजोबांनी केली, हे त्या घरात नवल. "मी दोन वाजून वीस मिनिटांनी उठलो," ते म्हणाले. घड्याळाचा माणूस, वेळ चुकायची नाही. "तीन पंचेचाळीसला पुन्हा. काळोखात मला न्हाणीघराचं दार सापडेना. कपाट उघडलं. ही झोपली होती, हिला उठवलं नाही." ते थोडे थांबले. "जहाजावरची खोली तर मला ओळखीचीही नसणार." गेलं वर्षभर ते रात्री असे चाचपडत होते. एकानेही ते कधी विचारलं नव्हतं, आणि विचारलं नाही म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं.

सुनेला झोप लागली नव्हती. आत्यालाही नाही. दोघींना आपापल्या खोलीत एकच वाटत राहिलं होतं, की दोन दारांपलीकडचं काही ऐकू येत नाहीये. एक वाजता दोघी कोठीच्या दाराशी एकमेकींना भेटल्या, कान लावून उभ्या राहिल्या, आणि परत गेल्या.

सोनू मात्र रात्रभर कूस न बदलता झोपला होता. ज्याची सगळ्यांना काळजी होती तोच.

बंड्या मान खाली घालून बसला होता. त्याला रात्री जाग आली होती, लागली होती, आणि पेटाऱ्यावरून खाली उतरायचं स्टूल अंधारात पायाला लागेना. तो वरच बसून हुंदके देत होता. चिमीने उठून त्याला उतरवलं, नेऊन आणलं, आपल्या गादीवर झोपवलं.

"तू कशी गं उठलीस?" आईने विचारलं.

"मी जागीच होते."

"का?"

"सोनू उठला असता तर."

"तो तर उठलाच नाही."

"पण उठला असता तर," चिमी म्हणाली, आणि मग सवयीने, "परवागिल्ला, आई."

आजीने बशी खाली ठेवली. "चिमे, तुला कुठे निजायचंय? सोनूला बघायचं म्हणून नको सांगू, बंड्यासाठी नको सांगू. तुला."

चिमी इतका वेळ गप्प राहिली की मुलाने तिच्याऐवजी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आजीने हाताने त्याला थांबवलं.

"आई-बाबांच्या खोलीत," चिमी म्हणाली. मग घाईने, "मला माहितेय मी मोठी आहे."

सुनेने तिला जवळ घेतलं. मुलगा उठून खिडकीशी गेला. सात वर्षांची असताना या मुलीला 'आता तू मोठी' असं त्यानेच सांगितलं होतं, आणि तेव्हापासून ती एकदाही लहान झाली नव्हती.

जावयाने त्याच टेबलावर तक्ता पुसून पुन्हा भरायला घेतला. त्याच्याविषयी मला आदर वाटतो तो इथे. आपलं काम फुकट गेलं असं त्याने तोंडाने म्हटलं नाही की चेहऱ्याने. पहिला रकाना त्याने माणसांचा केला आणि दुसरा रात्रीचा. खोल्या शेवटी. आजोबांना रात्री दोनदा उठावं लागतं, म्हणून त्यांना खिडकी हवी, पण समुद्र दिसावा म्हणून नव्हे. पडदा थोडा सरकवून ठेवला तर खोली अगदीच काळीठिक्कर होत नाही. शिवाय न्हाणीघराचा दिवा लावून दार बोटभर उघडं ठेवायचं, आणि त्या दाराला उंबरठा असतो तो पहिल्याच दिवशी पायाखालून घालायचा. नाळेकडची वरची खोली रद्द. जहाज लाटांवर पुढे-मागे डुलतं तेव्हा सी-सॉच्या टोकाला बसलेल्यासारखी नाळेकडची खोली सगळ्यात जास्त वरखाली होते. मधली आणि खालच्या मजल्यावरची सगळ्यात कमी. एक्याऐंशीव्या वर्षी अंधारात चालणाऱ्या माणसाला मानाच्या खोलीपेक्षा न डुलणारी जमीन हवी. खोलीच्या थेट वर नाचघर किंवा स्वयंपाकघर नाही ना, हेही त्याने नकाशावर पाहिलं. मुलांची झोप खुर्च्या ओढल्याच्या आवाजाने मोडते.

बंड्याला खालची खाट. तो रडला नाही, उलट सुटल्यासारखा दिसला. वरच्या खाटेवर त्याचे बाबा झोपणार होते. सोनू कुठेही झोपतो, आणि आत्यावर त्याचा जीव. तेव्हा तो आत्याकडे. चिमी आई-बाबांकडे. म्हणजे चारऐवजी तीनच खोल्या लागल्या. आत्याची चौघांची, चिमीची तिघांची, आजी-आजोबांची दोघांची.

"मुलं आपापल्या आईजवळच असली पाहिजेत असं नाही का?" शेजारच्या काकूंनी नंतर विचारलं होतं. तसं काही नाही. मूल ज्याच्याजवळ निर्धास्त झोपतं ते माणूस हाताशी असलं की झालं, आणि आई हाकेच्या अंतरावर.

ते अंतर मात्र मिळवायला झगडावं लागलं. खोल्या देणाऱ्या माणसाने फोनवर आधी सांगितलं, "शेजारशेजारच्याच देतो." जावयाने विचारलं, आतून दार आहे का? शेजारची खोली आणि आतल्या दाराने जोडलेली खोली या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीत एका खोलीतून दुसरीत जायला रात्री बाहेर बोळात यावं लागतं, दुसरीत मधलं दार उघडं टाकून दोन्ही कुटुंबं एका घरात असल्यासारखी झोपतात. पुष्कळ लोक हे न विचारता पैसे भरतात. त्या तारखेला जोडलेली जोडी मिळत नव्हती. मग समोरासमोर दारं असलेल्या दोन मागितल्या. बोळ अरुंद असतो, दोन पावलांत पलीकडे. त्या मिळाल्या, आणि आजी-आजोबांची त्यांच्या लगतची.

आणखी एक अडचण आली. चिमीसाठी तिसरी खाट मागितली तर पहिल्या खोलीला नकार. "खाट आहे," तो माणूस म्हणाला, "पण माणूस घेता येत नाही." जावयाने कारण विचारलंच. जहाजावर प्रत्येक खोलीतल्या माणसांची संकटात जमायची जागा ठरलेली असते आणि तिथल्या जीवरक्षक होड्यांत बसणारी माणसं मोजलेली असतात. त्या भागातला आकडा भरला की रिकामी खाटही बंद. 'टायटॅनिक'नंतर १९१४ साली समुद्रावरच्या जिवांच्या सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आज १९७४ चा चालतो, आणि प्रत्येकाला जागा हवी ही त्यातली एक अट. आजीला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "खाट रिकामी ठेवतात? माणूस घेत नाहीत?" तिच्या आईच्या काळी बोटीवर माणूस घ्यायला कुणी नाही म्हणत नसे. "मग चांगले लोक आहेत." तीन माणसं घेणारी दुसरी जोडी, एक मजला वर, मिळेपर्यंत दोन दिवस गेले. खोल्यांचं बुकिंग लवकर करावं ते दर वाढतात म्हणून, असं सगळे सांगतात. लहान मुलं असतील तर अशी जोडी उरत नाही म्हणून ते आणखी लवकर करावं.

नाताळच्या सुट्टीत उद्यान एक्सप्रेसने सगळे मुंबईला गेले. बॅलार्ड पिअरला चढल्यावर पहिलं काम म्हणून जमायच्या जागेची तालीम झाली. सुनेने मुलांची वयं आधीच कळवली होती, म्हणून लहान मापाची जीवरक्षक जाकिटं खोल्यांवर आलेली होती. चिमीने आपलं स्वतःचं बांधलं. सोनूचं बांधायला ती वळली, तोवर आत्याने ते बांधून टाकलं होतं. ती क्षणभर हात तसेच धरून उभी राहिली, मग बंड्याबरोबर शिडी चढायची शर्यत लावायला पळाली.

प्रवास कसा झाला ते इथे सांगत बसत नाही. पाणी निळं होतं, आजोबांना ते आवडलं. सुनेला पहिल्या दिवशी मळमळलं, आलं आणि लिंबू चघळून बरं वाटलं. बेटाला जहाज लागत नाही, लहान होडीतून उतरावं लागतं. खलाशी मुलांना काखेत धरून होडीत उतरवत होते, तेव्हा आजी कठड्याशी उभी राहून देवगडच्या बंदरातल्या पडावाविषयी शेजारच्या अनोळखी बाईला मराठीत सांगत होती. ती बाई तमिळ होती आणि मान डोलावत होती.

पहिल्या रात्री चिमी नऊला झोपली ती सकाळी साडेनऊला उठली. नाश्ता चुकला. आईने तिला उठवलं नाही.

परतीच्या रात्री सगळे जेवून बोळात आले तेव्हा दोन्ही दारं उघडी होती. बंड्या मामाच्या खोलीत लोळत होता, सोनू आत्याच्या खाटेवर उड्या मारत होता. चिमी मधे उभी होती.

"बाबा, आज मी सोनूजवळ झोपू? बंड्या इकडे येतोय म्हणाला."

"कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही. मलाच झोपायचंय."

"आणि रात्री तो उठला तर?"

"तर आत्या उठेल," चिमी म्हणाली आणि उशी काखेत मारून समोरच्या दारातून आत गेली.